सामान उचलल्यावरचं वाक्य

झाडूवाली बादली उचलून दाराकडे निघाली की कोपऱ्यातल्या पलंगावरून आवाज यायचा, "थँक यू सो मच. इट वॉज अ लव्हली टाइम!"

पहिल्या दिवशी तिला वाटलं, म्हातारा आपली टर उडवतोय. "काका, फरशी पुसली मी, नाच नाही केला," ती फणकारली. पण त्या चेहऱ्यावर चेष्टेचा मागमूस नव्हता. मान किंचित झुकलेली, डावा हात छातीशी आणि डोळ्यांत मनापासूनची अदब. मग तिलाही चटक लागली. सबंध हॉस्पिटलात तिच्या पुसण्याला कोणी 'बरं' म्हणत नव्हतं आणि इथे रोज इंग्रजीतून कौतुक. बादली उचलून ती मुद्दाम जराशी रेंगाळायला लागली.

काका म्हणजे एका मध्यम हॉटेलच्या रिसेप्शनवर उभं आयुष्य काढलेला माणूस. 'उभं' हे शब्दशः, कारण तिथे खुर्ची नव्हती. निवृत्त होऊन थोडे दिवस झाले नाहीत तोच मेंदूला झटका आला. उजवा हात लुळा पडला, पाय ओढत चालायची वेळ आली आणि बोलणं तर पार धुऊन गेलं. पाणी मागता येईना, स्वतःचं नाव सांगता येईना. एवढ्या पडझडीत शाबूत राहिली ती फक्त पाहुण्यांना निरोप देतानाची इंग्रजी वाक्यं. इट वॉज अ लव्हली टाइम. टाइम फ्लाइज, डझन्ट इट? होप यू हॅड अ प्लेझंट स्टे. व्हॉट अ वंडरफुल वीक! सगळी कशी सुखात गेलेल्या दिवसांची. दुखतंय, भूक लागली, कंटाळा आला, यांतलं एकही वाक्य त्यांच्याजवळ उरलं नव्हतं.

वॉर्डाला तर मेजवानीच झाली. व्यायाम करवून घेणारा पोरगा आपली रबरी पट्ट्यांची पिशवी खांद्यावर टाकून निघाला की त्याला 'वंडरफुल वीक'. सिस्टर औषधांचा ट्रे घेऊन वळली की तिला 'लव्हली टाइम'. शेजारच्या पलंगावरचा ड्रायव्हर बरा होऊन घरी निघाला तेव्हा त्याला एकदम तीन वाक्यं मिळाली आणि तो गडी रडलाच. मोठ्या डॉक्टरांना मात्र एक अक्षर नाही. ते कोटाच्या खिशात हात घालून यायचे, तसेच जायचे. काका त्यांच्याकडे नुसते बघत राहायचे. डॉक्टर तसं दाखवत नसत, पण मनातून खट्टू व्हायचे.

आणि दुसरी अशी कोरडी राहिलेली व्यक्ती म्हणजे काकांची बायको. तिला सगळा वॉर्ड मावशी म्हणायचा. काकांची बायको मावशी कशी, हा प्रश्न तिथे कोणाला पडला नाही.

मावशी सकाळी यायच्या, संध्याकाळी जायच्या. काकांना भरवणं, पुसणं, दाढी करणं, लुळ्या हाताला तेल लावणं, सगळं त्यांचं. मधल्या वेळात वॉर्डातल्या लोकांचे कपडे दुरुस्त करत बसायच्या. पँटींच्या दुमडी, उसवलेल्या शिवणी, तुटलेल्या चेनी. हेच काम त्या घरी मशीनवर करायच्या. इथे हाताने होईल तेवढं. त्यासाठी एक मोठी कापडी पिशवी खुर्चीखाली ठेवलेली होती. त्यात दोरे, कात्री, थर्मास, वॉर्डात घालायच्या चपला आणि एक शाल. रोज ते ओझं कोण वागवणार? सिस्टरने परवानगी दिली होती, तेव्हा पिशवी तिथेच मुक्कामाला असायची. संध्याकाळी मावशी हात हलवत निघायच्या. दाराशी गेल्यावर मागे वळून बघायच्या. काका त्यांच्याकडे बघत असायचे. तोंडातून शब्द नाही.

"झाडूवालीला लव्हली टाइम," बसमध्ये त्या मनाशी म्हणायच्या, "आणि मी काय घोडं मारलंय?"

खरं तर ही तक्रार आजारपणाची नव्हतीच. ती लग्नाइतकी जुनी होती. घरी या माणसाच्या तोंडून शब्द काढणं म्हणजे दगडातून पाणी काढणं. दिवसभर परक्यांशी गोड बोलून जबडा दुखतो, असं त्यांचं म्हणणं. भाजी कशी झाली? 'ठीक.' ही साडी कशी दिसते? 'ठीक.' मुलगा पहिला आला. 'बरं झालं.' बाहेर गल्लीत त्यांना लोक गुडमॉर्निंग म्हणायचे, कारण रात्रपाळीला जातानाही ते समोर येईल त्याला गुडमॉर्निंग घालायचे. बायकोला मात्र सकाळीसुद्धा नाही.

एकदाच, फक्त एकदाच, मावशींना वाटलं होतं की आता हा माणूस काहीतरी बोलेल. हॉटेल रंगवायला काढलं होतं आणि तेवढे दिवस बंद होतं. काकांनी शब्द टाकून खोल्यांचे नवे पडदे शिवायचं काम मावशींना मिळवून दिलं. मग काय, दोन खोल्यांच्या घरात निळं जाड कापडच कापड. पलंगावर कापड, ओट्यावर कापड, मुलगा कापडाखाली लपून बसलेला. पडदा वजनदार, मशीनवरून ओढला जायचा आणि शिलाई वाकडी व्हायची. म्हणून काका समोर स्टुलावर बसून दुसरं टोक हातात धरायचे आणि मावशींच्या पायाच्या लयीत थोडं थोडं पुढे सोडायचे. सांगावं लागत नव्हतं. जेवायला जागा नाही म्हणून तिघं दारात बसून जेवायचे. काका चक्क गुणगुणायचे. शेवटचा पडदा झाला तेव्हा मावशींनी धीर करून विचारलं होतं, "कसे गेले हो हे दिवस?"

काकांनी पडद्यांचा गठ्ठा बांधला. "बरे गेले," ते म्हणाले आणि गठ्ठा उचलून निघून गेले.

त्या 'बरे'वर मावशींनी पुढची सगळी वर्षं काढली. गोडी लागेल इतकं त्यात काही नव्हतं, पण दुसरं काही हाताशीही नव्हतं.

आता मात्र प्रश्न गळ्याशी आला होता. मुलगा दुसऱ्या गावाहून दोन दिवसांसाठी आला. चांगला मुलगा, पण सदा घाईत. चहासुद्धा उभ्यानेच प्यायचा. त्याने आईला बाहेर व्हरांड्यात नेलं.

"आई, हॉस्पिटल आता त्यांना ठेवून घेणार नाही. मी एक केंद्र बघून आलोय. कायमची देखभाल करतात. स्वच्छ आहे, माणसं चांगली आहेत. एक खाट रिकामी होतेय, रविवारपर्यंत सांगितलं तर आपल्याला मिळेल."

"आणि घर?"

"घरी तू एकटी कशी करणार? तुझी कंबर आधीच गेलीये. तू माझ्याकडे चल." त्याने आवाज खाली आणला. "राग मानू नकोस, पण बाबांना आपण कोण ते कळतंय असं तुला वाटतं? ते सगळ्यांना तेच बोलतात. रेकॉर्ड लावल्यासारखं."

"सगळ्यांना नाही," मावशी म्हणाल्या. पुढचं त्यांनी गिळलं. 'मला नाही' हे पोटच्या पोरासमोर म्हणायची लाज वाटली.

निघताना मुलाने आपली चाकांची बॅग उभी केली, दांडा बाहेर ओढला. लगेच काकांची मान झुकली. "टाइम फ्लाइज, डझन्ट इट? डू कम अगेन."

मुलाने पटकन तोंड फिरवलं, पण मावशींना त्याचे डोळे दिसले. तो गेल्यावर त्या खुर्चीत बसून राहिल्या. त्यांना मुलाचा राग आला नाही. हेवा वाटला. स्वतःच्या मुलाचा, सिस्टरचा, त्या रबरी पट्ट्यांवाल्या पोराचा. या वयात, आजारी नवऱ्याच्या उशाशी बसून आपण झाडूवालीवर जळतोय, हे कळत होतं आणि तरी जळणं थांबत नव्हतं.

मग त्यांनी मनाशी एक सौदा केला. रविवारच्या आत या माणसाने मला एक वाक्य द्यावं. पोपटपंची असली तरी चालेल. एक वाक्य दिलं तर कंबर मोडली तरी घरी नेईन. नाही दिलं, तर मुलगा म्हणतो ते खरं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चित्रवाली ताईला गाठलं. ही बोलण्याचे व्यायाम घेणारी मुलगी. डब्यात चित्रांचे पत्ते घेऊन यायची, पेला दाखवायची, कुत्रा दाखवायची, काकांच्या ओठांकडे आशेने बघायची. तास संपला की डबा बंद करून काखेत मारायची आणि काकांकडून 'प्लेझंट स्टे' घेऊन जायची.

"ताई, मला ती वाक्यं शिकवा."

"कोणती?"

"तीच, चांगला वेळ गेल्याची. मी म्हटली तर ते परत म्हणतील की नाही?"

ताईने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "म्हणतीलसुद्धा. पण मावशी, मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. ही वाक्यं तोंडात इतकी बसलेली आहेत की ती आपोआप निघतात. ठेच लागल्यावर 'आई गं' निघतं ना, तशी. त्यामागे अर्थ असेलच असं नाही."

"ठेच लागल्यावर माणूस आईलाच हाक मारतो ना? शेजारणीला तर नाही मारत," मावशी म्हणाल्या. "शिकवा तुम्ही."

ताई हसली आणि शिकवायला बसली. लव्हली टाइम सोपं निघालं. टाइम फ्लाइजवर मावशी अडल्या. "वेळ उडतो? आमच्याकडे तो जातो, सरतो, नाहीतर खायला उठतो. उडताना नाही पाहिला कधी."

"छान चालला असला की उडतो. वेळ कसा गेला कळलंच नाही, असं."

"मग तसं सरळ म्हणावं."

"अजून एक आहे. व्हेल ऑफ अ टाइम. व्हेल म्हणजे देवमासा. फार म्हणजे फारच मजा आली तर म्हणतात."

मावशींनी सुई खाली ठेवली. "मजा आली त्यात देवमासा कशाला?"

"मला तरी कुठे माहीत!" ताई म्हणाली आणि दोघी इतक्या हसल्या की सिस्टर काय झालं ते बघायला आली. काकांनीही मान वळवून पाहिलं. झटका आल्यापासून मावशी पहिल्यांदाच अशा हसल्या होत्या.

घरी जाऊन त्यांनी मशीनवर बसून सराव केला. पाय चालू, तोंड चालू. आय हॅड अ लव्हली टाइम. शेजारणीने भिंतीवर थाप मारून विचारलं, "टीव्ही घेतलात का हो नवा?"

शुक्रवारी मावशी जरा बरी साडी नेसून गेल्या. काकांची दाढी केली, केस विंचरले, खुर्ची पलंगाला चिकटवली आणि त्यांच्या डोळ्यांत बघून, पाठ केल्याप्रमाणे सावकाश म्हणाल्या, "आय हॅड अ लव्हली टाइम."

काका दचकले. त्यांनी मावशींच्या तोंडाकडे पाहिलं, मग खाली, खुर्चीच्या पायांकडे पाहिलं, मग पुन्हा तोंडाकडे. कपाळावर आठी चढली. ओठ हलले, पण आवाज फुटला नाही.

"लव्हली टाइम," मावशी परत म्हणाल्या. "म्हणा ना. माझ्यासाठी एकदा."

काकांनी तोंड भिंतीकडे वळवलं. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येऊन उशीत गेलं, पण ते त्या बाजूला होतं. मावशींना दिसली ती फक्त पाठ.

सौदा संपला होता. संध्याकाळी त्यांनी मुलाला फोन केला. "सांग त्यांना खाट ठेवायला," त्या म्हणाल्या.  पलीकडून मुलगा म्हणाला, "आई, तू रडू नकोस हं." त्या रडत नव्हत्या. रडायलाही काहीतरी लागतं, आणि त्यांना आतून अगदी कोरडं वाटत होतं.

शनिवारी त्यांनी खुर्चीखालची पिशवी बाहेर ओढली आणि आवराआवर सुरू केली. उद्या काकांना हलवायचं म्हणजे पिशवी आजच घरी न्यायला हवी. थर्मास धुऊन पुसला. शालीची घडी घातली. काका एकटक त्या पिशवीकडे बघत होते. तेवढ्यात दारातून एक गडगडाटी आवाज आला.

"साहेब! गुडमॉर्निंग!"

दुपार टळून गेली होती. हा बॅगमास्तर. हॉटेलात पाहुण्यांचं सामान वर-खाली करणारा, काकांच्या बरोबरीनेच तिथे म्हातारा झालेला. खांद्याला स्वतःची जुनी बॅग, हातात संत्री. काकांच्या चेहऱ्याची डावी बाजू उजळली. बॅगमास्तरने बॅग खाली टेकवली, पलंगावर बैठक मारली आणि हॉटेलातल्या बातम्यांचा पाढा सुरू केला. नवा मॅनेजर कसा दीडशहाणा आहे, लिफ्ट कशी अजून तिसऱ्या मजल्यावर रुसते. काका ऐकत होते. खरंच ऐकत होते, लिफ्टचं नाव निघाल्यावर हसलेसुद्धा. पण वाक्य एकही नाही.

चित्रवाली ताई पलीकडच्या पलंगाशी पत्ते मांडून बसली होती. तीही कान देऊन होती.

"चला, निघतो साहेब." बॅगमास्तर उठला. काका गप्प. त्याने हात जोडले. गप्प. त्याने वाकून बॅग उचलली, पट्टा खांद्यावर चढवला, आणि लगेच काकांची मान झुकली. "होप यू हॅड अ प्लेझंट स्टे. टाइम फ्लाइज, डझन्ट..."

"अरे, संत्री द्यायची राहिलीच की!" बॅगमास्तरने बॅग खाली ठेवली.

वाक्य तिथेच तुटलं. काकांनी तोंड मिटलं आणि शांतपणे वाट बघत राहिले.

मावशींच्या हातातली शाल तशीच राहिली.

बॅगमास्तर आधी चकित झाला आणि मग मांडीवर थाप मारून हसायला लागला. "वहिनी, बघितलंत? अजून शिस्त सुटली नाही! सगळं गेलं पण डेस्कची शिस्त गेली नाही."

"कसली शिस्त?"

"अहो, यांनीच घालून दिलेली. सामान उचलल्याशिवाय निरोपाचं वाक्य काढायचं नाही. नवी पोरं आली की पहिला धडा हाच." तो परत पलंगावर टेकला. "त्याचं असं झालं, साहेब नवीन होते तेव्हा. एक म्हातारी बाई एकटीच राहायला होती. एका सकाळी ती नुसती फिरायला निघाली, हातात काही नाही. साहेबांना वाटलं चालली. म्हणाले, होप यू हॅड अ लव्हली टाइम. ती बाई तिथेच पायरीवर बसून रडायला लागली. तिला वाटलं खोली दुसऱ्याला दिली, आपल्याला घालवतायत. तिला दुसरीकडे जायला जागा नव्हती हो. साहेबांनी चार वेळा माफी मागितली, तिला आत आणून बसवलं. तेव्हापासून त्यांचं एकच. माणसाच्या तोंडाकडे बघू नका, हाताकडे बघा. सामान खोलीत आहे ना? मग तो आपला माणूस आहे, संध्याकाळी परत येणार. त्याला कितीही गोड निरोप दिलात तरी तो हाकलून दिल्यासारखाच."

काका हे सगळं ऐकत होते. ताईने पत्ते गोळा करायचं सोडून दिलं होतं.

मावशींना एकेक आठवायला लागलं. झाडूवालीची बादली. सिस्टरचा ट्रे. मुलाची चाकांची बॅग. मोठे डॉक्टर, खिशात हात घालून येणारे. आणि त्यांची स्वतःची पिशवी, जी पहिल्या दिवसापासून या खुर्चीखालून हलली नव्हती. रोज संध्याकाळी त्या रिकाम्या हाताने निघायच्या आणि तो माणूस त्यांच्याकडे, त्यांच्या हातांकडे बघायचा. काल त्यांनीच समोर बसून निरोपाचं वाक्य म्हटलं होतं, आणि त्याने घाबरून खाली पाहिलं होतं. पिशवी आहे ना ते पाहिलं होतं.

पिशवी आता भरून खुर्चीवर होती.

मावशींनी हातातली शाल तिच्यात कोंबली.  काल जे वाक्य ऐकायला जीव आसुसला होता, तेच आता कानावर पडू नये असं वाटत होतं. पण खरं-खोटं कळल्याशिवाय राहवेना. त्यांनी पिशवीचे बंद मुठीत धरले, पिशवी उचलली आणि दाराकडे पाऊल टाकलं. एक. मग आणखी एक. बॅगमास्तर काहीतरी बोलणार होता, पण ताईने त्याला खुणेने गप्प केलं.

मागे पलंग करकरला. मावशी वळल्या. काकांची मान झुकलेली नव्हती. ते डाव्या कोपरावर जोर देऊन अर्धे उठले होते, चेहरा लाल झाला होता, हात पुढे आला होता. ओठ जुळत होते, सुटत होते, पुन्हा जुळत होते. सगळी पाठ असलेली वाक्यं गळ्याशी येऊन उभी असणार, पण त्यांनी ती आत दाबून धरली होती आणि दुसरंच काही शोधत होते.

"ठे," काका म्हणाले. मग सगळा जीव एकवटून म्हणाले, "ठेव."

ताईच्या मांडीवरून पत्त्यांचा डबा खाली पडला आणि पेले, कुत्री, झाडं सगळी फरशीवर पसरली.

बॅगमास्तर आयुष्यभराच्या सवयीने पुढे झाला. त्याने मावशींच्या हातातून पिशवी अलगद काढून घेतली आणि परत खुर्चीखाली ठेवली. मावशी तिथेच पलंगाच्या कडेवर बसल्या आणि मग मात्र रडल्या, चांगल्या हुंदके देऊन, अख्ख्या वॉर्डासमोर. काकांचा डावा हात त्यांच्या पाठीवर कुठे ठेवावा ते न कळून नुसता फिरत राहिला.

"हा शब्द त्यांच्या डेस्कवरचा नव्हता," ताई जमिनीवर बसून पत्ते गोळा करत म्हणाली.  "हा त्यांनी शोधून काढला. पुढे किती येतील मी सांगू शकत नाही, मावशी. पण एक आला."

"एक पुरे," मावशी म्हणाल्या. मग नाक पुसून म्हणाल्या, "म्हणजे पुरे नाही. तुम्ही घरी येऊन शिकवाल ना?"

मुलाला फोन केला तेव्हा तो आधी वैतागला. "आई, काल हो म्हणालीस, आज नाही. मी लोकांना काय सांगू?"

"सांग, खाट दुसऱ्या गरजवंताला द्या. आमचं सामान तिथे नाही राहणार."

"आणि तुझी कंबर?"

"कंबरेचं मी बघते. सकाळी उचलायला-बसवायला एक बाई ठेवू. ती झाडूवाली विचारत होतीच, तिला दुसरं काम हवंय. आणि तू वरचेवर यायचंस. बॅग घेऊन यायचंस, म्हणजे जाताना तुला ऐकायला मिळेल."

"काय ऐकायला मिळेल?"

"ये तर खरा, मग सांगते." त्याला सगळं ऐकायला उभ्याने वेळ नव्हता, हे त्यांना माहीत होतं.

रविवारी तो आला तेव्हा मात्र त्याला बसवून सांगितलं. तो बसून राहिला, चहा निवून गेला तरी उठला नाही.

निघण्याच्या दिवशी मुलाने चाकांची खुर्ची ढकलली आणि मावशींनी आपली पिशवी उचलून काकांच्या मांडीवर ठेवली. आता पिशवीही निघाली होती आणि तेही, तेव्हा काकांना मोकळीक होती. दारापर्यंत जाईतो त्यांनी सगळा साठा रिकामा केला. सिस्टरला 'लव्हली टाइम', रबरी पट्ट्यांवाल्या पोराला 'वंडरफुल वीक'. मोठे डॉक्टर समोरून आले, तेव्हा मावशींनी त्यांच्या हातात क्षणभर पिशवी दिली. "धरता का जरा?" डॉक्टरांनी गोंधळून धरली आणि काका मान झुकवून म्हणाले, "होप यू हॅड अ प्लेझंट स्टे." डॉक्टर इतके खूश झाले की पिशवी परत द्यायची विसरून चार पावलं पुढे गेले.

मावशींनीही सगळ्यांचा निरोप घेतला. "व्हेल ऑफ अ टाइम," त्या ताईला म्हणाल्या. ताईने त्यांना मिठीच मारली.

घरी पोचल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते हे, की पिशवी रिकामी केली. चपला दाराशी, थर्मास ओट्यावर, दोरे मशीनच्या खणात. रिकाम्या पिशवीची घडी घातली आणि कपाटाच्या अगदी वरच्या फळीवर ठेवली. खुर्चीत बसलेले काका हे सगळं डोळ्यांनी मोजून घेत होते. कपाटाचं दार लागलं तेव्हा ते मागे टेकले.

पुढचे दिवस सोपे गेले असं कोणी म्हणू नये. काका दोनदा पडले. मावशींची कंबर बोलायला लागली, आणि ती काकांपेक्षा कितीतरी जास्त बोलायची. पण 'ठेव'च्या मागोमाग 'पाणी' आलं, मग 'पुरे', आणि एका सकाळी भाजीचा घास तोंडात असताना 'ठीक'. त्या 'ठीक'ला मावशी हसून हसून दमल्या.

एका संध्याकाळी त्या कोणाचा तरी जाड पडदा शिवायला बसल्या. कापड वजनदार, मशीनवरून ओढलं जाऊ लागलं. त्यांनी मान वर केली नाही, पण थोड्या वेळाने ओढ थांबल्याचं जाणवलं. काकांनी दुसरं टोक डाव्या हातात धरलं होतं आणि त्यांच्या पायाच्या लयीत थोडं थोडं पुढे सोडत होते.

शिलाई सरळ गेली. मावशींनी दोरा कापला.

"अहो," त्या म्हणाल्या, "कसे गेले हो इतके दिवस? टाइम फ्लाइज की काय म्हणतात, तसे?"

काकांनी मावशींच्या दोन्ही हातांकडे पाहिलं. एका हातात कात्री होती, दुसऱ्यात पडदा. मग त्यांनी कपाटाच्या वरच्या फळीकडे पाहिलं. आणि ते काही बोलले नाहीत.

मावशींनी आणखी थोडा वेळ वाट बघितली. एक अक्षर नाही. त्या समाधानाने हसल्या, पडद्याची दुसरी कड सुईखाली घेतली आणि म्हणाल्या, "धरा, सोडू नका."

काकांनी टोक धरलं.